एकोणचाळीस मागे, एक पुढे

ही गोष्ट खरी आहे. माझ्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं की आमच्या घरातली माणसं उठून आपापल्या कामाला लागतात, हे मला ठाऊक आहे. तुम्ही बसा. मी उठून जाणार नाही एवढी खात्री बाळगा, कारण हल्ली उठायचं म्हटलं की आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते.

जन्मभर मी खोटे आवाज काढायचं काम केलं. रेडिओवरच्या नाटकात घोडा पळायचा, कुणीतरी जिन्यावरून धडपडायचं, गालावर थप्पड बसायची, ते सगळं मी. चाळणीत वाटाणे हलवले की समुद्र. पिठाची पिशवी मुठीत दाबली की बर्फातली पावलं. माझ्याकडे चाकांवरचं एक दार होतं, कडी, कुलूप, बिजागऱ्या सगळं जागच्या जागी, फक्त पलीकडे घर नव्हतं. एका नाटकात तर मी नुसत्या शांततेचा आवाज काढला होता आणि ऐकणाऱ्यांची पत्रं आली होती की जरा हळू करा. खोटं वाटतं? वाटू दे.

माझ्या बहिणीची मुलगी मला लोणकढी मामा म्हणते. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणी ती पेन्सिली कुरतडायची. आता छत्तिशीची आहे आणि नखं कुरतडते. हेडफोनसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती चार माणसांच्या तुकडीची प्रमुख आहे. त्या दिवशी ती आमच्याकडे आली ती माझ्या जुन्या टेपा न्यायला. सोफ्यावर बसली, चहाचा कप हातात घेतला, आणि कप तसाच धरून डोळे मिटले.

"अगं, सांडेल," आमची ही म्हणाली.

"जागी आहे मामी. डोळे फक्त बंद आहेत."

मी म्हणालो, "तुम्ही तिथे नक्की करता काय, ते एकदा मला कळेल असं सांग."

"हेडफोन लावला की आवाज कुठे येतो, मामा? डोक्याच्या आत. कुणीतरी कवटीत बसून बोलतंय असं वाटतं. आम्हाला तो बाहेर काढायचाय. गाडी डावीकडून गेली तर ती डावीकडूनच जायला हवी. पक्षी वर, नळ खाली, दार समोर. डोळे मिटले की माणसाला वाटलं पाहिजे, आपण एका खोलीत बसलोय."

"मग अडलंय कुठे?"

"समोर." तिने डोळे उघडले. लाल झाले होते. "डावं-उजवं जमलं, वरचं-खालचं जमलं. समोरचा आवाज मात्र निम्म्या लोकांना पाठीमागून ऐकू येतो. आपल्या कानाच्या पाळीची वळणं असतात ना, त्यातून आवाज आत शिरताना थोडा बदलतो, त्यावरून मेंदू ठरवतो की पुढचा की मागचा. हेडफोनमध्ये ती वळणं गळतात. ती आम्ही गणिताने परत घालतो. तीन वर्षं घालतोय. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मोठे साहेब येणार आहेत. ते हेडफोन लावणार, आम्ही दारावरची टकटक वाजवणार. त्यांना ती समोरून ऐकू आली तर आमचं काम चालू राहणार. नाही आली तर चौघांची तोंडं चार दिशांना."

हे तिने इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मला तिची काळजी वाटली. चिडली असती तर बरं होतं.

तिला टेपांबरोबर वयस्कर कानही हवे होते. कचेरीतले सगळे तरुण, आणि तेच तेच ऐकून त्यांचे कान शिळे झालेले. मी लगेच हात वर केला.

"तुम्ही नको, मामा."

"का? माझे कान अजून शाबूत आहेत."

"कान आहेत हो, पण तुमच्या तोंडाचं काय? तुम्हाला एकदा चंद्रावरून फोन आला होता."

"आला होता. राँग नंबर होता."

"मी तरी जोडून दिला नव्हता," ही म्हणाली.

हिचं सांगायला हवं. हिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढली, डोक्यावर हेडफोन आणि समोर दिव्यांची पाटी. बोलणं मोजकं. जे विचारलं तेवढंच सांगायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. लग्न झालं तेव्हा सगळे म्हणाले होते की दोघांचं मिळून बरोबर एका माणसाइतकं खरं होईल. तर खारूने हिला निवडलं, आणि मला डबा धरून बाहेरच्या बाकावर बसवलं.

ऐकायची खोली मी दारातून पाहिली. भिंतींना काळ्या फोमचे दात, छताला दात, दाराला आतून दात. आत टाळी वाजवली तर भिंती ती गिळून टाकतात. मधोमध एक खुर्ची. बाहेर काचेपाशी एक मुलगा वही घेऊन बसला होता. उन्हाळ्यातही त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी, म्हणून मी त्याला टोपी म्हणू लागलो. त्याच्या टेबलावर एक कुंडी होती, तिच्यातलं झाड मरून गेलं होतं आणि तरी कुणीतरी त्याला पाणी घालत होतं.

चाळीस आवाज होते, चाळीसही माझ्या टेपांवरचे. आणि चाळीसही त्यांनी समोर ठेवले होते, पण ऐकणाऱ्याला हे आधी सांगायचं नाही असा नियम.

"मामी, आवाज आला की एकच शब्द सांगायचा," खारू म्हणाली. "पुढे की मागे. बाकी काही बोलायचं नाही."

"बरं," ही म्हणाली. असली कामाची सूचना हिला किती वर्षांनी मिळाली होती कोण जाणे. पाठ ताठ करून बसली.

दाराची टकटक. "मागे." घोडा. "मागे." समुद्र. "मागे." थप्पड. "मागे." टोपी लिहीत गेला. हिने एकदाही विचार करायला वेळ घेतला नाही. फक्त एकोणिसाव्या आवाजाला ही थांबली. काठी टेकत चालणारा म्हातारा होता तो. बरीच थांबली आणि म्हणाली, "पुढे." मग वीस ते चाळीस पुन्हा सगळे मागे.

बाहेर येऊन हिने हेडफोनची वायर गुंडाळली, कानावरचे केस सारखे केले आणि मला म्हणाली, "चला, डबा आहे ना?"

आता पुढचं मला टोपीने सांगितलं. इतर दहा जणांची उत्तरं नाणं उडवल्यासारखी होती, काही पुढे, काही मागे. एकट्या हिचीच उत्तरं अशी, चाळीसातली एकोणचाळीस एकाच दिशेला. माणूस चुकला तर इतका नेटका चुकत नाही, असं खारू म्हणाली. म्हणजे गणित बरोबर आहे, फक्त कुठेतरी पुढचं-मागचं उलटं पडलंय. एक उणे चिन्ह राहिलंय. ताज्या कानांनी ते पकडलं. आणि बुधवारी तिने ते उणे चिन्ह घातलं. एक आडवी रेघ. तीन वर्षांच्या कामावर ती रेघ ओढून ती म्हणे पहिल्यांदाच घरी वेळेवर गेली.

राहता राहिला एकोणिसावा. तो म्हातारा तेवढा पुढे का? टोपीने त्या काठीच्या आवाजाची चिरफाड सुरू केली. काठीचं टोक वेगळं काढलं, फरशी वेगळी काढली, म्हाताऱ्याचा श्वास वेगळा काढला. नऊ दिवस तो त्या म्हाताऱ्यामागे चालत होता. त्याला वाटत होतं, त्या काठीत काहीतरी गुपित आहे.

मध्ये शनिवारी मी राहिलेली एक टेप द्यायला गेलो. तिथलं दृश्य बघवत नव्हतं. एक जण टेबलाखाली पाय पसरून झोपलेला, दुसरा उभ्याउभ्या बिस्किटं खात होता आणि पुडा संपला तरी हात आत घालत होता. मला बघून टोपीने हेडफोन पुढे केला. बहुधा गंमत म्हणून. मी लावला. टकटक झाली आणि मी चटकन मान वळवून मागे पाहिलं.

"अरे, ही तर पाठीमागून आली!"

झोपलेलाही जागा झाला आणि चौघांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगतोय. ती टकटक मी स्वतः वाजवलेली आहे, माझ्या दाराची आहे. ती कुठे आहे ते मला कळणार नाही? मागे आहे ती. तुमचं काहीतरी उलटं झालंय."

खारूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, आज नको ना. दमलेय मी."

एरवी ती माझ्या थापांना थापेने उत्तर द्यायची, भाव करायची, चंद्रावरच्या फोनचं बिल मागायची. त्या दिवशी माझी थाप ऐकायचंही त्राण तिच्यात नव्हतं. आणि ती थाप नव्हती हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? ते तोंड मी पन्नास वर्षं वापरून झिजवलं होतं. मी हेडफोन ठेवला आणि घरी आलो.

शुक्रवार उजाडला. साहेब अकराला येणार होते. नऊला मी स्वयंपाकघरात बसून चहा पीत होतो, ही शेंगांचे दोर काढत होती. ती टकटक माझ्या डोक्यातून जात नव्हती.

"अगं, ती दाराची टकटक. तुला खरंच मागे वाटली?"

"मागेच की."

"पण किती मागे?"

मला म्हणायचं होतं, हातभर मागे, खोलीभर मागे. हिने शेंग हातात धरून हिशेब केला.

"झाली असतील पस्तीस वर्षं."

माझा कप बशीवर आपटला.

"आपण त्या दोन खोल्यांत राहायचो ना, तेव्हा," ही म्हणाली. "ते चाकांचं दार तुम्ही घरी आणलं होतंत सरावाला. शेजारीण बिचारी चार वेळा उठून बाहेर बघून आली. घोडा त्याच्याही मागे. समुद्र धाकट्याच्या गोवराच्या वेळचा, मी त्याला झोपवत होते आणि तुम्ही कानाशी वाटाणे हलवत होतात. एकूण एक मला पाठ आहेत. पोरीने विचारलं पुढे की मागे, मी सांगितलं."

"अगं, ती विचारत होती आवाज कुठून येतो! तोंडासमोरून की पाठीमागून!"

हिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो. "हेडफोनातला आवाज कुठून येणार? तारेतून. चौतीस वर्षं कानाला लावून होते, एकदाही मान वळवून पाहिलं नाही. आमच्याकडे मागचा कॉल आणि पुढचा कॉल, एवढंच असायचं."

मी खारूला फोन लावला. बंद. कचेरीतला फोन वाजत राहिला. साहेब येणार म्हणून सगळ्यांनी फोन बंद करून ठेवले असणार.

"चल," मी म्हणालो.

"मी कशाला? तुम्ही जाऊन सांगा."

"माझं कोण ऐकणार?"

ही विचारात पडली. मग हात पुसले, चपला घातल्या. "हे मात्र खरं बोललात," म्हणाली.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टला चिकटवलेला कागद: बंद आहे. मी दर वळणावर थांबत होतो. ही एक पायरी पुढे उभी राहून वाट बघायची, बोलायची काही नाही. वर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बैठकीच्या खोलीचं दार लागलेलं. आत शांतता. मी दम खाल्ला आणि दार वाजवलं. तीनदा. आता जन्मभर ज्याने दारं वाजवून पोट भरलं तो दार नुसतं वाजवत नाही. मधल्या टकटकीला किंचित ओढ, तिसरी थोडी खालच्या अंगाला. जशी टेपेवर आहे तशी, तंतोतंत.

आतून आवाज आला, "वा! समोरून! अगदी समोरून!"

मी दार ढकललं. दारासमोर, लांब टेबलाच्या त्या टोकाला, मोठे साहेब हेडफोन लावून बसले होते. आनंदाने टेबलावर थाप मारत होते. दार उघडलेलं पाहून त्यांनी हेडफोन काढला. टोपी भिंतीला टेकून उभा होता. खारू कॉम्प्युटरपाशी होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता, कारण तिच्या कानाला हेडफोन नव्हता. टकटक तिने मोकळ्या कानांनी ऐकली होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. मामा, गप्प राहा. तोंडाने नाही, पण मला इतकं स्वच्छ ऐकू आलं की कुठल्या हेडफोनातून येणार नाही. आणि खरं सांगतो, माझी थाप तयार होती. चुकून या मजल्यावर आलो, दार उघडंच होतं, ढकललं तर उघडलं, टकटक? कसली टकटक? एवढं बोललो असतो तर साहेब खूश होऊन गेले असते, खारू आठ दिवस झोपली असती. जन्मभराची विद्या अखेर घरच्या माणसाच्या उपयोगी पडणार होती.

"टकटक आम्ही केली," ही म्हणाली.

साहेबांनी हातातल्या हेडफोनकडे पाहिलं. मग आमच्याकडे. त्यांच्या खुर्चीजवळ चाकांची बॅग होती, तिला चार-पाच विमानांच्या चिठ्ठ्या लटकत होत्या. दमलेला माणूस होता तोही. डोळे चोळत म्हणाला, "मग ती आधीची? पाठीमागे काहीतरी वाजलं होतं, मला वाटलं कुणी खुर्ची सरकवली."

"तीच आमची," खारू म्हणाली.

"मागे म्हणजे मी पूर्वी म्हणाले होते, पोरी," ही म्हणाली. "मागे ऐकलेत, पूर्वी. तू पाठीमागे समजलीस. माझं चुकलं असेल तर सांग."

खारूच्या तोंडून जे काही निघालं ते हसू होतं की रडू, याबद्दल टोपीचं आणि माझं अजून एकमत नाही. तिने कॉम्प्युटर पुढे ओढला, एक कळ दाबली. ती आडवी रेघ गेली. बाकी काही केलं नाही.

"साहेब, एकदाच," ती म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, उसासा टाकला, हेडफोन लावला, डोळे मिटले. आम्ही श्वाससुद्धा बेताने घेत होतो. मी तर हात पाठीमागे बांधले, न जाणो सवयीने कुठे टकटक करायचे. साहेब बसून होते. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आता आणखी कोण आलंय?" ते वैतागून म्हणाले. "आत या ना!"

डोळे उघडले. समोर दार सताड उघडं होतं, मीच उघडं टाकलं होतं, आणि त्यात कुणी नव्हतं.

तुम्हाला वाटेल, आता हार-तुरे. तसलं काही झालं नाही. साहेब म्हणाले, "तीन महिने घ्या. मग पुन्हा बघू," आणि बॅग ओढत पुढच्या विमानाला गेले. खारूने टेबलावर डोकं टेकलं आणि तिथेच झोपली. टोपीने डोक्यावरची टोपी काढून घडी घातली आणि तिच्या गालाखाली सरकवली. टोपीखाली त्याला चांगले दाट केस होते. उगाच इतके दिवस मी त्याला टकलू समजत होतो.

आम्ही जिना उतरायला लागलो. उतरणं चढण्यापेक्षा वाईट. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठड्याला धरून थांबलो, ही माझ्या बाजूला.

"तो एकोणिसावा," मी म्हणालो. "काठीवाला. त्याला तू पुढे म्हणालीस."

"हो."

"तोही माझाच. झाडूच्या दांड्याने काढलेला."

"असेल. घरी नव्हता आणलात कधी. मागे कधी ऐकला नाही."

"न ऐकलेला म्हणून पुढे?"

हिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "पुढे ऐकायचाय म्हणून पुढे," म्हणाली. "काठी आणून ठेवलीय, कपाटाच्या मागे. दोन महिने झाले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ती घेऊन भालाफेकीची गोष्ट सांगितली असतीत."

बिचारा टोपी नऊ दिवस त्या आवाजात जे शोधत होता ते आमच्या कपाटामागे उभं होतं.

घरी आलो. ही हात धुऊन पुन्हा शेंगा घेऊन बसली, दाराकडे पाठ करून. मी कपाटामागून काठी काढली. साधी, खाली रबराची टोपी घातलेली. ते रबर मी काढून टाकलं, आवाज मारतं ते. आणि बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चालत आलो. फरशीवर टक, मग पाऊल, मग श्वास. झाडूच्या दांड्याने इतका चांगला कधी जमला नव्हता.

हिने मान वळवली नाही. हातातल्या शेंगेचा दोर पूर्ण काढला, शेंग ताटात टाकली.

"झाला ऐकून," म्हणाली. "पुढचा?"